पेत्राला पुन्हा काम मिळाले

येशूच्या जन्माची हकीकत चारपैकी दोनच शुभवर्तमानांत येते. डोंगरावरचे प्रवचन मत्तयाने विस्ताराने दिले, लूकने त्यातले थोडे घेतले, मार्क आणि योहान यांच्याकडे ते नाहीच. मात्र अटकेच्या रात्री पेत्राने आपली येशूशी ओळखच नाही असे तीन वेळा सांगितले, ही गोष्ट चौघांनीही लिहून ठेवली आहे. ही शुभवर्तमाने लिहिली जात होती त्या काळात पेत्राचे नाव सगळ्या मंडळ्यांत आदराने घेतले जात होते. रोममध्ये नीरोच्या छळात तो मारला गेला, असे फार जुनी परंपरा सांगते. अशा हुतात्म्याची सर्वांत लाजिरवाणी रात्र गाळून टाकणे अवघड नव्हते. ती गाळली गेली नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी पापियास नावाच्या बिशपने म्हटले होते की मार्कने आपले शुभवर्तमान पेत्राच्या तोंडून ऐकलेल्या आठवणींवरून लिहिले. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. तरी एवढे उघड आहे की ही गोष्ट घडली त्या महायाजकाच्या अंगणात पेत्राबरोबर असलेली बहुतेक माणसे विरुद्ध पक्षाकडची होती आणि पेत्राने आपले आपण सांगितल्याशिवाय ही गोष्ट इतक्या बारकाव्यांनिशी मंडळ्यांमध्ये पोचली असेल, असे मानणे कठीण जाते. म्हणजे ज्याच्याकडे पुढारीपण होते तो आपल्या पडण्याची गोष्ट लोकांना सांगत होता, आणि लोक ती जपून ठेवत होते.

अपयशातून उठण्याचा विचार ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने करायचा तर सुरुवात इथून करावी, असे मला वाटते. एरवी या विषयावर जे बोलले जाते ते फार लवकर गोड होते. देव क्षमा करतो, मागचे सगळे धुऊन निघते, पाटी कोरी होते, माणूस नव्याने सुरुवात करतो. मंडळ्यांतल्या साक्षींमधून, उपदेशांमधून हे इतक्यांदा सांगितले जाते की ख्रिस्ती माणसालाही तीच आपल्या धर्माची शिकवण वाटू लागते. पण पाटी कोरी झाली असती तर पेत्राची गोष्ट उरली नसती. शुभवर्तमानांतून आणि मंडळीच्या इतिहासातून मला जे दिसते ते वेगळे आहे. पडलेल्या माणसाला त्याची चूक नावानिशी समोर ठेवून पुन्हा काम दिले जाते. चूक लपवून काम दिले, तर ते नवजीवन खोटे ठरते, आणि चूक दाखवून काम दिलेच नाही, तर ते नवजीवन होतच नाही.

योहानाने ती रात्र अगदी जवळून दाखवली आहे. महायाजकाच्या वाड्याचे अंगण आहे. थंडी पडली आहे म्हणून नोकरांनी आणि शिपायांनी कोळसे पेटवले आहेत, आणि पेत्र त्यांच्यातच उभा राहून शेकतो आहे. त्याला पहिल्यांदा हटकते ती दारावरची मोलकरीण. तिच्या हाती कसलाही अधिकार नाही. शेवटचा प्रश्न विचारणारा मात्र वर्मी लागणारा माणूस आहे. अटकेच्या वेळी बागेत पेत्राने ज्याचा कान तोडला त्याचाच तो नातलग. मत्तय सांगतो की पेत्राची गालीली बोलीच त्याला उघडे पाडत होती. काही तासांपूर्वी तलवार उपसणारा हा गडी एका मोलकरणीच्या प्रश्नाने कोलमडतो. त्याचे मत बदलले नव्हते, येशूवरचे प्रेम आटले नव्हते. तो फक्त घाबरला. ज्या धैर्याच्या भरवशावर त्याने त्याच संध्याकाळी सगळ्यांदेखत येशूची साथ न सोडण्याचा शब्द दिला होता, तेच धैर्य ऐनवेळी कामी आले नाही. आपल्यापैकी बहुतेकांची मोठी अपयशे अशीच असतात. जे आपल्याला जमणार नाही असे ठाऊक असते तिथे माणूस सावध असतो. पडतो तो जिथे त्याला स्वतःची खात्री असते तिथे.

पुढे तिबिर्याच्या समुद्राकाठची सकाळ येते. सात शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी परत येत आहेत, आणि काठावर पुनरुत्थित येशूने विस्तव पेटवून त्यावर मासळी ठेवली आहे, जवळ भाकर आहे. पेटलेले कोळसे योहानाच्या शुभवर्तमानात दोनच ठिकाणी दिसतात, महायाजकाच्या अंगणात आणि इथे. लेखकाने हे नकळत केले असेल असे मला वाटत नाही. आधी न्याहारी होते. ती झाल्यावर येशू पेत्राला एकच प्रश्न तीन वेळा विचारतो, आपल्यावर प्रेम करतोस का, असा. आणि हाक मारतो ती त्याच्या जुन्या नावाने, शिमोन म्हणून. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुखावला, असे योहान स्पष्ट लिहितो. दुखावणारच, कारण तिसऱ्या खेपेला त्याला ती रात्र आठवल्यावाचून राहिली नसणार. जखमेवर इतक्या नेमकेपणाने बोट ठेवणाऱ्याने बाकीचे काय विचारले नाही, हे पाहण्यासारखे आहे. असे का केलेस, हे तो विचारत नाही. पुन्हा करणार नाहीस ना, हेही नाही. नवी शपथ मागत नाही. शपथांचे काय झाले ते दोघांनाही माहीत आहे. आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच गोष्ट सोपवली जाते: कळप सांभाळ. आधी काही काळ परीक्षा, मग जबाबदारी, असा क्रम इथे नाही. लूकने तर याहून चकित करणारी गोष्ट नोंदली आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी, नाकारण्याच्या आधीच, येशू पेत्राला सांगून ठेवतो की तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. काम देताना पडणे हिशेबात धरलेलेच होते.

येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत शेजारी ठेवल्याशिवाय पेत्राची गोष्ट पुरती उमगत नाही. यहूदाला आपली चूक कळली नाही, असा एक समज आहे. मत्तयाचे सत्ताविसावे प्रकरण वाचले की तो टिकत नाही. येशूला दोषी ठरवले गेल्याचे पाहून यहूदाला पस्तावा झाला. ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांच्याकडे तो परत गेला, आपण निर्दोष माणसाला धरून दिले हे त्याने स्वच्छ शब्दांत कबूल केले आणि ते तीस रुपये त्याने परत केले. पापकबुली झाली, भरपाईही झाली. पेत्राने यातले काहीच केले नव्हते; तो बाहेर जाऊन रडला, एवढेच. पश्चात्तापाचे मोजमाप केले तर यहूदाचे पारडे जड भरेल. मग दोघांच्या वाटा वेगळ्या का झाल्या? यहूदा ज्यांच्याकडे कबुली घेऊन गेला त्या याजकांनी, म्हणजे माणसांची पापे देवापुढे नेणे हाच ज्यांचा व्यवसाय त्यांनी, त्याची जबाबदारी झटकली आणि तुझे तू बघून घे म्हणून त्याला वाटेला लावले. तिथून तो एकटा बाहेर पडला आणि एकटाच राहिला. पेत्र मात्र अकरा जणांतच होता. त्यांनी त्याची कानउघाडणी केली की त्याला धीर दिला, याबद्दल शुभवर्तमाने गप्प आहेत. कबर रिकामी झाली तेव्हा तो तिथे धावत गेलेला दिसतो, नंतर होडीत दिसतो. त्याला कोणी हाकलले नव्हते. यहूदाचे पुढे देवापाशी काय झाले ते सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि ते ठामपणे सांगणाऱ्या उपदेशकांचे मला नेहमीच भय वाटत आले आहे. पण पस्तावा आत कितीही खरा असला तरी तो घेऊन जायला दार लागते, आणि एका माणसाला ते मिळाले नाही, एवढे मत्तयाने लिहून ठेवले आहे.

इथे कोणी म्हणेल की पेत्र सुधारला म्हणून ही गोष्ट शोभते. तो सुधारला का, याचे उत्तर पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, आणि ते सरळ नाही. अंत्युखियाच्या मंडळीत पेत्र यहूदीतर विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली, तेव्हा ती काय म्हणतील या भीतीने तो त्या पंगतीतून उठला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतरही उठले. मराठी वाचकाला पंक्तिभेद काय असतो ते समजावून सांगायला नको. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. म्हणजे इतक्या वर्षांनी, समुद्रकाठच्या त्या सकाळनंतर, आत्म्याचे दान मिळाल्यानंतरही तीच जुनी भीती पेत्राच्या आत जिवंत होती; पुन्हा एकदा लोक काय म्हणतील या धाकाने त्याने आपल्याच माणसांकडे पाठ फिरवली. नवजीवन म्हणजे स्वभावावर कायमची मात, असे ज्यांना वाटते त्यांनी हा उतारा वारंवार वाचावा. आणि तरीही पेत्राचे काम काढून घेतले गेले नाही. त्याला पुन्हा तोंडावर सांगितले गेले, हेच त्याच्या वाट्याला आलेल्या कृपेचे दुसरे रूप होते.

एका माणसाची गोष्ट पुरावा म्हणून अपुरी पडते. पुढे दोनशे वर्षांनी हाच प्रश्न हजारो माणसांबद्दल उभा राहिला. इ.स. 250 च्या सुमारास रोमन सम्राट देकियस याने फर्मान काढले की साम्राज्यातल्या सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. एका दाखल्यातला अर्जदार 72 वर्षांचा आहे, त्याच्या उजव्या भुवईवर वण आहे. आपण नेहमीच देवतांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमोर दिला, नैवेद्य चाखला, तेव्हा तशी सही करून द्यावी, अशी त्याची विनंती आहे. तो ख्रिस्ती होता की नाही ते त्या कागदावरून कळत नाही. पण अशाच कागदांसाठी ख्रिस्ती माणसेही रांगेत उभी राहिली. कार्थेजमध्ये तर कोणी धरून नेण्याआधीच कित्येक जण बळी द्यायला धावले, असे तिथला बिशप किप्रियान लिहितो. काहींनी बळी दिला नाही, लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरला आणि हे सगळे लोक मंडळीच्या दाराशी परत आले. त्याच मंडळीत अशीही माणसे होती ज्यांनी तुरुंग भोगला होता, ज्यांचे आप्त मारले गेले होते. त्यांच्या शेजारी या पडलेल्यांना प्रभुभोजनाला बसवायचे का?

दोन सोपी उत्तरे लगेच पुढे आली. तुरुंग भोगलेल्या काही धीरवंतांनी पडलेल्यांना परत घ्यावे म्हणून चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली. एखाद्या चिठ्ठीत तर अमुक आणि त्याच्या घरची माणसे, असा मोघम मजकूर असे, म्हणजे एका कागदावर किती जण आत येतील याला मर्यादा नव्हती. उलट रोममध्ये नोवातियान याने भूमिका घेतली की मूर्तीपुढे बळी देणाऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाहीच. देवाने केली तर करो. त्याने 251 साली स्वतंत्र फळी उभारली आणि तिचा तो बिशप झाला. किप्रियानाला दोन्ही उत्तरे नामंजूर होती. चिठ्ठ्यांवर त्याचा राग होता, कारण त्यांत चुकीचे नावच घेतले जात नव्हते. नोवातियानशी तो झगडला, कारण त्या मार्गात परत येण्याला जागा नव्हती. त्याच वर्षी कार्थेजच्या धर्मसभेने ठरवले की प्रत्येकाचे प्रकरण वेगळे तपासावे: नुसता दाखला घेणारा वेगळा, पहिल्याच धमकीत बळी देणारा वेगळा, यातना सोसून शेवटी मोडलेला वेगळा. प्रायश्चित्त दीर्घ ठेवले. बळी देणाऱ्यांना तर मरणाच्या दारी पोचल्यावरच परत घ्यावे, असे ठरले. मग पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा किप्रियान आणि त्याच्या सहबिशपांनी प्रायश्चित्त करत असलेल्यांना ताबडतोब परत घेण्याचा निर्णय केला. त्यांनी दिलेले कारण मला या सगळ्या वादातले सर्वांत मोलाचे वाटते. उद्या ज्यांना लढाईला पाठवायचे, त्यांना नि:शस्त्र कसे पाठवणार? म्हणजे जे एकदा पळाले होते त्यांनाच पुन्हा आघाडीवर पाठवले जात होते. स्वतः किप्रियान देकियसच्या काळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोल खावे लागले होते. पुढच्या छळात मात्र तो मरणाला सामोरा गेला. 14 सप्टेंबर 258 रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र अजून बाकी आहे. क्षमा इतकी हाताशी असेल तर माणूस बेफिकीर होणार नाही का? आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर द्यायला अठराव्या शतकातल्या जॉन न्यूटनसारखा साक्षीदार नाही. जगभर गायल्या जाणाऱ्या ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचा हा कर्ता. त्याच्याबद्दल सांगितली जाणारी लोकप्रिय कथा अशी की गुलामांच्या व्यापारातला हा खलाशी समुद्रात वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला, आणि त्याने तो पापी धंदा सोडून दिला. वादळ खरे आहे. ते मार्च 1748 मधले. धंदा सोडल्याचा भाग खोटा आहे. वादळानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी झाला, मग कप्तान झाला, आणि 1750 ते 1754 या काळात त्याने तीन सफरी करून माणसे बेड्यांत घालून अटलांटिकपार नेली. त्याच जहाजावर तो प्रार्थना करत होता, बायबल वाचत होता, आपल्या पत्नीला भक्तिभावाने पत्रे लिहीत होता. 1754 मध्ये त्याने समुद्र सोडला तो आजारपणामुळे, सद्सद्विवेकाने नव्हे. 1764 मध्ये तो धर्मगुरू झाला, ओल्नी गावी उपदेश करू लागला, गीते लिहू लागला, आणि तरीही गुलामांच्या व्यापाराबद्दल त्याने जाहीरपणे तोंड उघडले ते 1788 मध्ये, जेव्हा त्याची त्या विषयावरची पुस्तिका प्रसिद्ध झाली. वादळापासून चाळीस वर्षे लोटली होती.

ही हकीकत वाचून श्रद्धेची किंमत कमी होते, असे काहींना वाटेल. मला ही हकीकत शिकवते ते असे की क्षमा मिळाल्याची भावना आणि नवजीवन या दोन गोष्टी एक नाहीत. न्यूटन वादळानंतर खरोखर कृतज्ञ होता. आपण शिवीगाळ करणारे, देवाची टिंगल करणारे होतो याची त्याला लाज वाटत होती. पण ज्या पापाचे नाव त्याने घेतले नव्हते त्या पापाबाबत तो जसाच्या तसा राहिला. त्याच्या आसपासचा समाज त्या धंद्याला पाप म्हणत नव्हता, हे कारण आहे, सबब नव्हे. 1788 मध्ये मात्र त्याने आडपडदा ठेवला नाही. आपण स्वतः त्या व्यापारात सक्रिय होतो, ही कबुली फार उशिरा येते आहे, या आठवणीने आता आपल्याला कंप सुटतो, असे त्याने मान्य केले, आणि जहाजाच्या तळाशी माणसे कशी कोंबली जात, बायकांचे काय होई, बंड मोडायला कोणती साधने वापरली जात, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या तपशिलाने लिहिले. ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. त्या आधी तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स त्याच्याकडे सल्ल्याला आला होता, आणि न्यूटनने त्याला राजकारण सोडू नकोस म्हणून सांगितले होते. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा मार्च 1807 मध्ये झाला. न्यूटन त्याच वर्षी डिसेंबरात वारला. त्याला काम मिळाले ते त्याच्या अपराधाच्याच जागी. कप्तान म्हणून जे पाहिले आणि केले ते सांगू शकणारी माणसे थोडी होती, आणि त्यातली बोलायला तयार असलेली त्याहून थोडी.

ज्यांना त्याने विकले, त्यांना काय मिळाले? काही नाही. त्यांतल्या एकालाही न्यूटनचा पश्चात्ताप ऐकायला मिळाला नाही. हा प्रश्न टाळून कृपेबद्दल बोलणे मला अप्रामाणिक वाटते, कारण आपल्याच काळात चर्चने कृपेच्या नावाखाली फार मोठा अन्याय केला आहे. 2002 मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या वर्तमानपत्राने उघड केले की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले जात होते. क्षमा, नवी सुरुवात, दुसरी संधी हे शब्द तिथेही वापरले जात होतेच. माझ्या म्हणण्यात आणि त्या प्रकारात फरक आहे, आणि तो बारीक नाही. पुन्हा काम मिळणे म्हणजे तीच खुर्ची, तोच अधिकार, तीच मुले हाती मिळणे नव्हे. जिथे माणसाने दुर्बळांना इजा केली तिथे त्याला पुन्हा नेमणे हा त्या दुर्बळांवर दुसऱ्यांदा केलेला अत्याचार आहे, आणि न्यायालयाची शिक्षा कोणतीही पापकबुली रद्द करू शकत नाही. लूकने सांगितलेल्या जक्कयाची गोष्ट इथे आधाराला येते. येशू आपण होऊन त्या जकातदाराच्या घरी जातो. कृपा आधी येते. मग जक्कय उभा राहून सांगतो की आपली अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देईन आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन. या घराला तारण मिळाले, असे येशू जाहीर करतो ते यानंतर. आणि पेत्राच्या बाबतीत तर क्षमा करणारा तिऱ्हाईत नव्हताच. ज्याला नाकारले गेले, ज्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते, त्यानेच काठावर विस्तव पेटवून न्याहारी मांडली होती. ज्याचे नुकसान झाले त्याला वगळून दुसऱ्याच कोणी परस्पर क्षमा वाटून टाकण्याला शुभवर्तमानात आधार मिळत नाही.

मराठी वाचकाच्या मनात आणखी एक प्रश्न असेल. यात ख्रिस्ती असे काय आहे? आपल्या संतांनी आपले दोष उघडपणे गायले, देवाने पतिताला जवळ घेतले याची ग्वाही दिली. तुकोबांची गाथा आत्मपरीक्षणाने भरलेली आहे. प्रश्न रास्त आहे, आणि तो मी खोडून काढणार नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतःच सांगत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या पुलावरून. ज्याने पूल ओलांडला तो पुलाला नावे ठेवत नाही. ख्रिस्ती श्रद्धेने या विचारात जी भर घातली ती माझ्या मते मंडळीची. पडलेला माणूस आणि देव यांच्यातला व्यवहार दोघांतच न ठेवता त्याला एका जमावाच्या हाती सोपवायचे, त्यांनी त्याला प्रायश्चित्त सांगायचे, पंगतीला बसवायचे, काम द्यायचे. यातच धोका आहे, कारण जमाव कठोर होऊ शकतो किंवा भोळा. किप्रियानाच्या काळात तो एकाच वेळी दोन्ही झाला होता. पण पेत्राला यहूदापासून वेगळे करणारी गोष्टही तीच.

पंडिता रमाबाईंच्या लिखाणात याचे एक उदाहरण आहे, आणि ते थेट महाराष्ट्राच्या मातीत येऊन पोचते. 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांना फुलहॅम येथे भगिनींनी चालवलेले, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांचे घर पाहायला मिळाले. त्या बायका तिथे सन्मानाने वावरत होत्या, आजाऱ्यांची आणि दुर्बळांची काळजी घेण्यात रमल्या होत्या. रमाबाईंना याचे नवल वाटले. अशा बायकांशी हे लोक इतक्या मायेने का वागतात, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची भेट वाचून दाखवली. आपल्याला जे शास्त्र शिकवले गेले त्यात अशा स्त्रीला परत येण्याची वाट दिसली नव्हती, हे रमाबाईंनी आपल्या साक्षीत नोंदले आहे. पुढे केडगावला त्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले, आणि त्यात अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ हे वेगळे घर होते. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या घरी आलेल्या पुष्कळ जणींच्या बाबतीत अपयश त्यांचे नव्हते. दुसऱ्याचा अपराध त्यांच्या नावावर मांडला गेला होता. ज्याचे पाप त्याच्या नावावर, हे ठरवणे हाही नवजीवनाचाच भाग आहे, आणि कित्येकदा तो सर्वांत अवघड भाग असतो.

रमाबाईंवर टीका झाली. मदतीच्या आडून धर्म बदलला जातो, या आरोपावरून 1893 मध्ये शारदासदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेच्या सल्लागार मंडळातली मोठी माणसे दूर झाली. आरोपात तथ्य किती, याची चर्चा अजून संपलेली नाही, आणि ज्याला आधाराची गरज आहे त्याच्याकडून श्रद्धेची किंमत वसूल करणे कधीही गैरच. मला केडगावात महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. तिथे आलेल्या मुलींना आणि बायकांना नुसते अन्नवस्त्र देऊन ठेवले गेले नाही. त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली गेली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे जे सोपे मराठी भाषांतर केले, ते केडगावच्याच छापखान्यात छापले गेले, आणि ते काम तिथल्या स्त्रियांनी केले. गावाने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांच्या हातून एक धर्मग्रंथ तयार झाला.

आपल्या मंडळ्यांना माझी विनंती एवढीच आहे. दारू सुटून परत आलेला, दिवाळे निघालेला, संसार मोडलेला, तुरुंगातून सुटलेला माणूस रविवारी मागच्या बाकावर येऊन बसतो तेव्हा त्याला आपण सहसा दोनपैकी एक गोष्ट देतो: कुजबुज किंवा मिठी. त्याच्याशी नीट बोला. काय झाले ते त्याच्याच तोंडून, त्याच्या शब्दांत, घाई न करता ऐका. ज्याचे त्याने नुकसान केले त्याची चौकशी करा आणि परतफेडीचा मार्ग त्याच्याबरोबर बसून ठरवा. जिथे त्याच्यामुळे कोणाला धोका आहे तिथे त्याला जाऊ देऊ नका. आणि मग त्याला जमेल असे एखादे खरे काम त्याच आठवड्यात त्याच्या हाती द्या.